अनुभव धागा: 'लायकोरिस रिकॉइल', कॉफी की काडतुसं?

कडकचहा

धागा काढायचं निमित्त घरातलंच. भाचा सुट्टीत राहायला आला होता. माझ्या शेजारी बसून त्याने दोन भाग पाहिले आणि विचारलं, "मामा, या मुली कॉफी देतायत की गोळ्या घालतायत?" म्हटलं, दोन्ही. "मग एक काय ते ठरवायचं ना!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुलै ते सप्टेंबर २०२२ मध्ये आलेली १३ भागांची जपानी ॲनिमे मालिका. ए-वन पिक्चर्स स्टुडिओची, कुठल्याही मांगावर (जपानी चित्रकथेवर) न बेतलेली. शिंगो आदाची तोवर पात्ररेखाटनासाठी ओळखले जायचे, दिग्दर्शक म्हणून ही त्यांची पहिलीच मालिका. कथा अशी की जपान जगातला सर्वात सुरक्षित देश मानला जातो, कारण 'डीए' नावाची गुप्त संघटना अनाथ मुलींना शाळेच्या गणवेशात फिरवून गुन्हेगारांना आधीच संपवते. या मुली म्हणजे लायकोरिस. त्यातली सगळ्यात तरबेज चिसातो माणूस मारायला नकार देते आणि एका छोट्या कॅफेत काम करते. हुकूम मोडला म्हणून बदली झालेली ताकिना तिथे येऊन धडकते.

मी गोळीबारासाठी बसलो आणि कॅफेसाठी थांबलो. दुकान बंद झाल्यावर नेहमीची गिऱ्हाईकं टेबलं जोडून बोर्डगेम खेळतात, तेवढ्यासाठी मी भाग पुन्हा लावतो. तुम्ही कुठे अडकलात? स्वतःचा अनुभव लिहा, नुसतं 'मस्त आहे' नको. शेवटापर्यंतचं सगळं उघड होणार आहे, पाहिलं नसेल त्यांनी इथूनच परत फिरा.

दहा_पॉइंट_नऊ

कोल्हापूर. सात वर्षं एअर पिस्तूल मारतोय. आमच्या खेळात दहा मीटरवर साडेअकरा मिलिमीटरचा दहाचा गोल, एक हात लांब आणि श्वास अर्धा सोडलेला. चिसातो पिस्तूल छातीशी घेते, तिरकं धरते आणि चालत पुढे जाते. सरांनी पाहिलं असतं तर रेंजबाहेर काढलं असतं.

पण त्यामागे हिशोब आहे भावा. तिच्या गोळ्या रबरी, लांबून धड लागत नाहीत. जीव घ्यायचा नाही म्हणजे जवळ जायलाच पाहिजे, आणि जवळ जायचं तर समोरच्याच्या गोळ्या चुकवायला पाहिजेत. समोरच्याचा खांदा, कपडा, बोट बघून ती आधीच सरकते. तिची मारामारी बघायला मजा येते ती या हिशोबामुळं. नियम एकच, बाकी सगळं त्यातून निघालंय. गोळी फुटली की लाल भुकटी उडते. पहिल्यांदा मी रक्तच समजलो होतो.

मला जास्त लागली ती ताकिना. पहिल्या भागात ओलीस मैत्रीण समोर असताना ती हुकमाची वाट न बघता मशीनगन चालवते. नेम पक्का, मैत्रीण वाचली, आणि बक्षीस म्हणून हकालपट्टी. राज्य स्पर्धेला मीही एकदा घाईत ट्रिगर ओढून बसलोय. त्यानंतर घरी येताना एसटीत खिडकीबाहेर बघत बसायचं तोंड कसं असतं, ते तिच्या चेहऱ्यावर बरोबर काढलंय.

मालवणी_बांगडो

चौथा भाग! चौथा भाग! चौथा भाग!

ताकिनाकडे घालायला धड कपडे नाहीत, आतले तर पुरुषांचे. कारण कॅफेचा मालक मिका, त्याला विचारलं काय घेऊ, आणि त्याने स्वतःला जे बरं वाटतं ते सांगितलं. मग चिसातो तिला खरेदीला ओढून नेते, तिथून मत्स्यालयात. आणि ती कडक, सरळ पाठीची मुलगी सगळ्यांसमोर हात पुढे जोडून, एक पाय मागे करून ओरडते, "साकानाss!" साकाना म्हणजे मासा. चिसातो लगेच गार्डन ईल (वाळूतून डोकं वर काढून डोलणारा सापासारखा मासा) होऊन डोलते.

आम्ही तिघी कॉलेजच्या होस्टेलवर हे बघत होतो. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये सुरमई आली आणि आम्ही ताटासमोर तसंच केलं. मावशी म्हणाल्या, "गो बायांनो, बरां आसा मां?" आजीला फोनवर सांगितलं तर तिचा प्रश्न वेगळाच: माशांसमोर ओरडतात, मग खातात कधी?

रातपाळी

हृदयरोग विभागात नर्स आहे, पुण्यात. चिसातोच्या छातीत कृत्रिम हृदय आहे आणि ते धडधडत नाही, हे ऐकून माझा नवरा म्हणाला, "काहीही दाखवतात." मी व्हिडिओ थांबवला.

हृदयाला मदत करणारे जे पंप आता बसवतात, त्यातले बरेच रक्त सतत ढकलत राहतात, ठोके देत नाहीत. अशा पेशंटची नाडी पुष्कळदा हाताला लागतच नाही. नेहमीचं बीपीचं मशीन चुकतं, मग डॉप्लर लावून, आवाज ऐकत प्रेशर घ्यावं लागतं. माझा असा पहिला पेशंट, साधारण पन्नाशीचे काका. मनगटावर बोटं ठेवली आणि मला दरदरून घाम फुटला. काका गालातल्या गालात हसत म्हणाले, "सिस्टर, आहे मी." त्यांच्या खांद्याला बॅटऱ्यांची पिशवी असायची. रात्री काकू मोबाईलशेजारी त्या चार्जिंगला लावायच्या.

चिसातोचं हृदय त्याहून पुष्कळ पुढचं आहे, कल्पनेतलंच. पण कुणीतरी त्यात बिघाड करतं, आणि नवव्या भागात ते पुन्हा चार्ज होणार नाही, फार तर दोन महिने, असं कळतं. तिथे मला काकूंची ती सॉकेटपाशी वाकलेली पाठ दिसली. चिसातो स्वतः मात्र रडत बसत नाही, ताकिनाबरोबर फिरायला जाते. काकाही तसेच होते. नवऱ्याने नंतर काही टोमणा मारला नाही.

मनीची_आई

थोडा विरोधी सूर लावते, चालेल ना?

मुलगी चौदा वर्षांची, तिनेच दाखवलं. गोड मुली, गोड पदार्थ, आणि त्याच वयाच्या इतर मुली रस्त्यात माणसं मारून जातात. बातमी येते अपघाताची. या मुलींना आईबाप नाहीत, म्हणून त्या मेल्या तरी विचारणारं कुणी नाही. मालिका हे दाखवते, पण त्यावर नीट बसून बोलत नाही. माजिमा हा खलनायक म्हणतो की तुमची शांतता खोटी आहे, तेव्हा मला तो पटायला लागला होता! मग तो शहरभर बंदुका पेरतो आणि मला सुटल्यासारखं होतं, की चला, हा वाईटच. लेखकाने स्वतःची सोय करून घेतली असं माझं मत.

एक मात्र आवडलं. कॅफेचा मालक मिका आणि योशिमात्सु यांचं जुनं प्रेम. दोन प्रौढ पुरुष बारमध्ये शेजारी बसतात, फार काही बोलत नाहीत. मी मनीकडे चोरून पाहिलं, काही विचारते का. ती म्हणाली, "आई, चिप्स दे."

कडकचहा

@मनीची_आई, माजिमाबद्दल शंभर टक्के सहमत. शेवटचे तीन भाग तर मनोरा, कट, पुन्हा मनोरा. मला तर तिथे कॅफेची आठवण यायला लागली होती.

गल्ला

नाशकात आठ टेबलांचं दुकान चालवतो, म्हणून आठवा भाग. ताकिना हिशेबाची वही उघडते आणि कॅफे तोट्यात! काडतुसांचा खर्च, मोडतोडीचा खर्च. मग ती वीज वाचवते, वायफळ खर्च कापते आणि स्वतः एक चॉकलेट पार्फे (प्याल्यात रचलेला आइस्क्रीमचा गोड पदार्थ) बनवते. त्याचा आकार… जेवताना वाचत असाल तर सोडून द्या. तिला बिचारीला कळतच नाही लोक फोटो का काढतायत. दारात रांग.

आमच्याकडे असंच झालंय. नव्या पोऱ्याने फळ्यावर 'मिसळ' लिहिताना 'मि' विसरून 'सळ' लिहिलं. आठवडाभर लोक सळ मागत होते. गल्ला चांगला भरला, मी फळा पुसला नाही.

पूर्वेचा_पाहुणा

टोकियोत निशिकासाईत राहतो, इथे आपली मंडळी भरपूर. मालिकेतला कॅफे किनशिचोमध्ये आहे. म्हणजे माझ्या घरून सायकलने जाता येईल एवढ्यावर, पण चार वर्षांत तिथे फक्त गाडी बदलायला उतरलो होतो. मालिका पाहून एका रविवारी मुद्दाम गेलो. स्टेशनबाहेर मोठी दुकानं, मागच्या गल्ल्यांत बार, थोडं पुढे बाग, आणि कुठूनही मान वर केली की स्कायट्री, टोकियोचा उंच मनोरा. मालिकेत मोडून वाकलेला जुना मनोरा बघून बघून मला अख्खा मनोराच विचित्र वाटायला लागला. एका साध्या कॅफेत कॉफी घेतली. काउंटरवरच्या बाईंनी मालिकेचं नाव काढताच हसून मान हलवली. हा प्रश्न त्यांना नवा नसावा.

अजून एक. लायकोरिस म्हणजे इथली हिगानबाना, लाल कोळ्यासारखी फुलं. कंद विषारी, त्यामुळे उंदीर-घुशी लांब राहाव्यात म्हणून भातखाचरांच्या बांधांवर आणि कबरींपाशी लावत आलेत. फुलतात सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या सुमारास, जेव्हा इथले लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरी झाडायला जातात. आपल्याकडे पितृपक्ष साधारण त्याच दिवसांत. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, घरात आणू नकोस हो.

चार_खण

स्पर्धा परीक्षा, सदाशिव पेठ, चौघांत एक खोली. रात्री अकरानंतर एक भाग, इयरफोन एक आणि कान दोघांचे.

आमचं आवडतं म्हणजे शेवटचं गाणं. प्रसंग संपायच्या आतच ते हळूच सुरू होतं, पात्रं अजून बोलत असतात आणि मागे गिटार. सायुरी या गायिकेचं गाणं. ते वाजलं की जोडीदार पुस्तक उघडायचा, कारण आता झोप नाही. आमच्यासाठी ते गाणं म्हणजे घड्याळच झालं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ती गेली, अठ्ठावीस वर्षांची होती. बातमी अभ्यासिकेत वाचली. जोडीदार तोवर गावी परत गेला होता. त्याला लिंक पाठवली. त्याने उत्तरात फक्त गाणं पाठवलं.

मालवणी_बांगडो

@पूर्वेचा_पाहुणा, सुमिदा मत्स्यालय स्कायट्रीच्या पायथ्याशीच ना? पुढच्या रविवारी जा आणि गार्डन ईलच्या टाकीसमोर काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. फोटो पाहिजे.

पूर्वेचा_पाहुणा

वय झालं हो माझं. बायकोला विचारतो.