दोन लाखाचा कॅमेरा चौदा महिन्यात बसला, पैसे भरू का भांडू?

राजारामपुरी_क्लिक
राम राम मंडळी. लग्नाचे फोटो काढतो, छोटा स्टुडिओ हाय. मागच्या वर्षी कर्ज काढून फुलफ्रेम मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला, नुसती बॉडी, म्हणजे लेन्स सोडून, १ लाख ९० हजार, कंपनीचं नाव घेत नाही उगं इथं वाद नकोत. परवा कागलला हळद होती, नवरीच्या गालाला पहिला हात लागायला आणि कॅमेऱ्यातनं खर्रर्र आवाज यायला एकच गाठ. स्क्रीनवर एरर. बंद-चालू केलं, बॅटरी काढून घातली, शेवटी लेन्स काढून बघतो तर शटरचं, म्हणजे क्लिकला उघडझाप करणाऱ्या पडद्याचं, एक पातं वाकडं होऊन लोंबकळतंय! बाकीची हळद जुन्या डीएसएलआरवर (आरसावाल्या कॅमेऱ्यावर) मारली, नवरीचा मामा सारखा येऊन विचारतोय "काय झालं ओ, मोठा कॅमेरा कुठंय?" काय सांगणार.
वॉरंटी दोन वर्षांची हाय पण सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात आत गुलाबी पावडर सापडली, म्हणून बसत न्हाई, शटर आणि मजुरी मिळून २८ हजार. आरं पण जाहिरातीत तर माणूस पावसात, धुळीत उभा राहून फोटो काढतोय की. माझा ३० हजाराचा जुना डीएसएलआर आठ वर्षं झाली अजून चालतोय. महाग घेतलं हेच चुकलं का?

शटर_मोजणारा
भावा आधी शटर काउंट सांग, आजवर किती क्लिक झाले ते. एका लग्नाला ३-साडेतीन हजार क्लिक धर, वर्षाला ५० लग्नं, म्हणजे दीड-पावणेदोन लाख झालेच की. निकॉन डी८५० चं शटर कंपनी २ लाखांपर्यंत टेस्ट केलंय म्हणते, कॅनन ५डी मार्क ४ चं दीड लाख. आणि हा आकडा म्हणजे गॅरंटी न्हवं, एखादं ४० हजारात जातं, एखादं चार लाख मारतं. हौशी माणसाला दहा वर्षं पुरणारं शटर आपण एका सीझनमध्ये संपवतो. रिक्षाच्या क्लच प्लेटसारखं हाय ते, झिजणारच, २८ हजार धंद्याच्या खर्चात धरायचे. तुझा जुना डीएसएलआर टिकला कारण तेव्हा तुझ्याकडं लग्नंच कमी होती 😄

वाडी_रत्नागिरी
राग मानू नको पण चैत्रात जोतिबाला ह्याच बॉडीवर गेलतास ना? फोटो टाकलेलास तू. तिथला गुलाल म्हणजे पिठापेक्षा बारीक. वेदर सील (धूळ-पाणी अडवणारं रबर) फक्त बॉडीला असून भागत नाही, लेन्स जिथं बसते त्या माउंटलाही रबर पाहिजे, आणि झूम करताना नळी पुढं येते तो प्रकार असला की ती सायकलच्या पंपासारखी बाहेरची हवा आत ओढते, गुलालासकट. त्यात बऱ्याच मिररलेसचं शटर कॅमेरा बंद केल्यावरही उघडंच राहतं, म्हणजे लेन्स बदलताना सेन्सर (चित्र टिपणारी चकती) थेट हवेवर. मी यात्रेत एकच लेन्स लावून वर प्लास्टिकची पिशवी, रबरबँड मारतो, दिवसभर लेन्स काढत न्हाई. घरी आल्यावर कॅमेरा खाली तोंड करून हातपंपाचा ब्लोअर. काँप्रेसरची हवा मारू नका कुणी, एकानं गॅरेजमध्ये नेऊन मारली आणि पातीच उडवली, खोटं सांगत न्हाई.

जुना_रोलवाला
सगळा दोष पोराच्या माथी नको. कंपन्याही काय धुतल्या तांदळाच्या न्हाईत. निकॉन डी६०० आठवतोय का, २०१२ चा? नवाकोरा कॅमेरा, आणि सेन्सरवर तेलाचे, धुळीचे ठिपके. आधी म्हणाले ब्लोअरनं साफ करा, मग २०१३ त डी६१० आणला, आणि २०१४ त शटर फुकट बदलून द्यायला लागले, वॉरंटी संपलेल्यांनासुद्धा. लायका एम९ तर राजेशाही वस्तू, त्याच्या सेन्सरवरची काच गंजली. २०२० चा कॅनन आर५, एट-के व्हिडिओ वीसेक मिनिटांत गरम होऊन बंद. किंमत जास्त म्हणजे चित्र चांगलं, टिकाऊपणाचा संबंध कमीच. ज्या कोल्हापुरात सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा जोडला, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ हाय, तिथं आपण एका पात्यासाठी दुसऱ्या गावाला पार्सल पाठवायलोय, असो.

तारीख_पे_तारीख
भांडायचं असेल तर पद्धतीनं. पावडर सापडली हे तोंडी नको, "पावडरमुळेच पातं मोडलं" असं जॉबशीटवर (सर्व्हिस सेंटरच्या कागदावर) लेखी मागा, आतले फोटो मागा. झिजून तुटलं असेल आणि गुलाल नुसता कोपऱ्यात बसला असेल तर ते वेगळं. आधी १९१५ ला फोन, ग्राहक हेल्पलाइन, तिथंच बरीच प्रकरणं मिटतात. नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. एक अडचण मात्र हाय, धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हटलं की ते "तुम्ही ग्राहकच न्हाई" म्हणणार. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर कायद्यात सूट हाय, अर्जात ते पहिल्याच परिच्छेदात लिहा.

राजारामपुरी_क्लिक
काउंट काढला, १ लाख ८३ हजार. गप्पच बसलो बघून. जोतिबाचं खरं हाय, लेन्सपण दोनदा बदललेली तिथं 🙈 लेखी मागितलंय, जॉबशीटवर आता नुसतं "फॉरेन पार्टिकल" लिहून दिलंय, कशानं मोडलं ते न्हाईच, म्हणून उद्या १९१५ ला लावतो.
पण रविवारी गडहिंग्लजला लग्न हाय, कुणाकडं दोन मेमरी कार्ड बसणारी बॉडी भाड्यानं मिळंल का? दिवसाचे काय घेता सांगा.

वाडी_रत्नागिरी
माझी ने. वरातीत गुलाल उधळणार हायत का ते आधी विचारून सांग.