मदत हवी आहे: फुसाका अपग्रेडनंतर इथेरियम नोड एकाच ब्लॉकवर अडकलाय

शून्यपत्ता | ६ डिसेंबर २०२५, सकाळी १०:४०

कॉलेजच्या ब्लॉकचेन गटासाठी इथेरियम मेननेटचा (मुख्य साखळीचा) फुल नोड आहे, म्हणजे ती पूर्ण तपासणारं मशीन. व्हॅलिडेटर (ब्लॉकवर शिक्कामोर्तब करणारा) नाही, फक्त आरपीसी, म्हणजे आमचे प्रोग्रॅम त्याला साखळीची माहिती विचारतात. ४ डिसेंबरच्या पहाटेपासून ब्लॉक क्रमांक हललेला नाही.

मशीन: ८ कोअर, ३२ जीबी रॅम, २ टीबी एनव्हीएमई, उबुंटू. गेथ (व्यवहार चालवून बघणारं सॉफ्टवेअर) १.१६.७ पॅकेजमधून टाकलंय, सिस्टिमडीखाली चालतं. लाइटहाउस (पुढचा ब्लॉक कुठला हे ठरवणारा बीकन किंवा कन्सेन्सस क्लायंट) डॉकर कंपोझमध्ये, होस्ट नेटवर्कवर. अपग्रेडच्या आदल्या दिवशी दोन्ही अपडेट केली: गेथ पॅकेजने, आणि लाइटहाउससाठी कंपोझ फाइलमधला टॅग ८.०.० करून कंटेनर रीस्टार्ट केला.

गेथला ४८ पीअर (जोडलेले इतर नोड) दिसतात. सिंकिंग विचारलं तर उत्तर फॉल्स, म्हणजे सिंक पूर्ण असायला हवं. पण शेवटच्या ब्लॉकचा टाइमस्टॅम्प पहाटे ३:१८ चा आहे. लॉगमध्ये सारखा एकच इशारा येतो: बीकन क्लायंट ऑनलाइन आहे, पण बराच वेळ कन्सेन्सस अपडेट आलेला नाही. डिस्कवर जेमतेम १८० जीबी शिल्लक.

चेनडेटा (गेथने साठवलेली साखळी) खराब झालाय का? उडवून नव्याने सिंक करावं का? आणखी एक: सेपोलिया या चाचणी साखळीवर टोकन वाटणारी आमची स्क्रिप्ट हल्ली चालत नाही. तिच्यात गॅस लिमिट (व्यवहाराच्या कामाची कमाल मर्यादा) ३ कोटी ठरवून दिलेली आहे. दोन्हींचा काही संबंध?

---

रात्रपाळी | सकाळी ११:०५

चेनडेटाला हात लावू नका. गेथ धडधाकट आहे, बोंब फक्त तो मारतोय. मर्जनंतर, म्हणजे सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंग सोडलं तेव्हापासून, पुढचा ब्लॉक कुठला हे गेथ स्वतः ठरवतच नाही. ते लाइटहाउस सांगतं, ८५५१ पोर्टवरून. वरून निरोप आला नाही तर गेथ शेवटच्या ब्लॉकवर शांत बसून राहतो आणि सिंकिंगला फॉल्स म्हणतो, कारण त्याच्या हिशेबी काही बाकीच नाही. ४८ पीअरही त्यामुळेच: गेथ नवा आहे, त्याचा फोर्क आयडी (कोणते फोर्क, म्हणजे साखळीचे नियम-बदल, ठाऊक आहेत याची खूण) जुळतो.

वेळ बघा. फुसाका स्लॉट (एका ब्लॉकसाठीचा १२ सेकंदांचा अवधी) १,३१,६४,५४४ ला लागू झालं, आपल्याकडे ४ डिसेंबर पहाटे ३:१९:११. तुमचा शेवटचा ब्लॉक ३:१८ चा. याचा अर्थ कन्सेन्ससच्या बाजूला जुनंच सॉफ्टवेअर चालू आहे.

लाइटहाउसच्या ५०५२ पोर्टवर नोडची आवृत्ती विचारा. फाइलमध्ये काय लिहिलंय ते नको, चालू प्रोसेस काय सांगते ते हवं. त्याच पोर्टवर सिंकिंगही विचारा आणि सिंक डिस्टन्स (नोड किती स्लॉट मागे आहे) किती ते इथे लिहा. तो आकडा घड्याळाशी ताडून काढलेला असतो, त्यामुळे गेथच्या फॉल्सपेक्षा त्यावर भरवसा ठेवावा.

---

तळमजला | सकाळी ११:३०

रात्रपाळींशी सहमत, आणि कारणही प्रश्नातच आहे: "टॅग बदलून रीस्टार्ट केला". कंपोझचं रीस्टार्ट जुनाच कंटेनर थांबवून पुन्हा उठवतं, फाइलमधले बदल ते वाचत नाही. नवी इमेज हवी असेल तर आधी पुल, मग अप. अप केल्यावर कंटेनर नव्याने बनतो. डेटा व्हॉल्यूममध्ये असेल तर तो जात नाही, पण व्हॉल्यूम खरंच जोडलाय ना, हे एकदा बघून घ्या.

आवृत्ती बरोबर निघाली तर दुसरा संशयित जेडब्ल्यूटी, म्हणजे लाइटहाउस गेथला ओळख पटवायला देतं ते टोकन. दोन्हीकडे तीच ३२ बाइटची हेक्स फाइल लागते, आणि टोकनवरची वेळ ६० सेकंदांपेक्षा जास्त पुढेमागे असेल तर गेथ दार उघडत नाही. सर्व्हरचं घड्याळ भरकटलं की हे होतं आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. तुमच्या बाबतीत शक्यता कमी. तसं असतं तर अडकण्याची वेळ नेमकी फोर्कची आली नसती.

---

शून्यपत्ता | दुपारी १२:१५

आवृत्ती ७.१.० आली. पीअर २, सिंक डिस्टन्स वाढतंच आहे. आता पुल आणि अप करतो. पण दोन दिवस मागे राहिलेला बीकन डेटाबेस चालेल का, की तोही नवा हवा?

---

रात्रपाळी | दुपारी १२:४०

चालेल. जुन्या लाइटहाउसला नव्या फोर्कचे ब्लॉक समजत नव्हते आणि फोर्क डायजेस्ट (लाइटहाउसकडची तशीच फोर्कची खूण) जुळत नसल्याने पीअर त्याला सोडून गेले, एवढंच झालंय. डेटाबेस बिघडलेला नाही. नवी आवृत्ती वर आली की स्कीमा स्वतःच बदलून घेईल आणि तिथूनच पुढे निघेल. दिवसाला ७,२०० स्लॉट धरा. प्रत्येक ब्लॉक गेथला चालवून बघावा लागतो, म्हणून काही तास जातील.

पुढे कधी नोड दोन-तीन आठवडे बंद पडला तर मात्र असं करू नका. तेव्हा फक्त बीकन डेटाबेस उडवायचा आणि चेकपॉइंट सिंक घ्यायचा, म्हणजे दुसऱ्याकडून अलीकडची पक्की स्थिती घेऊन तिथून सुरुवात करायची. चेकपॉइंटचा ब्लॉक रूट दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून ताडून बघायचा, एकाच्या शब्दावर जायचं नाही. गेथचा चेनडेटा तेव्हाही तसाच ठेवायचा.

फुसाकामध्ये पीअरडास आलंय. ब्लॉबचा, म्हणजे ब्लॉकसोबत तात्पुरत्या ठेवल्या जाणाऱ्या मोठ्या गठ्ठ्यांचा, डेटा १२८ कॉलममध्ये विभागला जातो आणि व्हॅलिडेटर नसलेला साधा नोड त्यातले ४ सांभाळतो. म्हणून कॉलम देणारे पीअर पुरेसे मिळाले पाहिजेत. ९००० टीसीपी-यूडीपी आणि ९००१ यूडीपी बाहेरून उघडे ठेवा. घरगुती ब्रॉडबँडवर सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच आयपी पत्ता) असेल तर बाहेरून जोडणी येत नाही. नोड तरीही चालतो, पण पीअर जमायला वेळ लागतो. कॉलेजच्या फायरवॉलवर यूडीपी सरसकट बंद असण्याचीच शक्यता जास्त, तिथे नेटवर्कवाल्यांना गाठा.

---

गॅसबत्ती | दुपारी १:२०

स्क्रिप्टचा संबंध नोडशी नाही, फुसाकाशी आहे. ईआयपी (इथेरियमचा सुधारणा प्रस्ताव) ७८२५ मुळे एका व्यवहाराची गॅस लिमिट जास्तीत जास्त १,६७,७७,२१६. म्हणजे २ चा २४ वा घात. ब्लॉकची मर्यादा ६ कोटी असली तरी एका व्यवहाराला एवढंच. ३ कोटी लिहिलं की प्रत्यक्षात ५० लाखच लागणार असले तरी व्यवहार दारातच नाकारला जातो, कारण बघितली जाते ती मागितलेली लिमिट. सेपोलियावर फुसाका १४ ऑक्टोबरला आलं, तेव्हापासूनच ती बंद असणार.

उपाय दोन पायऱ्यांचा. ठरवून दिलेली लिमिट काढून अंदाज नोडकडून घ्या. मग यादीचे तुकडे करा. नव्या पत्त्याची शिल्लक शून्यावरून भरायला नुसत्या स्टोरेजचेच २२,१०० गॅस लागतात. वर लॉग, कॉलडेटा आणि लूपचा खर्च. माणशी ३० हजारांच्या आसपास धरून ४०० पत्त्यांचा गठ्ठा केलात तर सव्वा कोटीच्या आत राहाल. काँट्रॅक्ट वेगळं असेल तर आधी ५० पत्त्यांवर मोजून पाहा.

गटातलं कोणी ब्लॉब पाठवत असेल तर त्यांची लायब्ररीही नवी लागेल, पूर्ण ब्लॉबमागच्या एका प्रूफच्या जागी आता सेल प्रूफ (ब्लॉबच्या तुकड्यांचे वेगवेगळे पुरावे) द्यावे लागतात. आणि कंपायलरचं टार्गेट उगाच ओसाका (फुसाकाचा गेथकडचा भाग) करू नका. सीएलझेड हा नवा ऑपकोड (मशीनची सूचना) वापरलेला कोड फुसाका न आलेल्या साखळीवर टाकला तर तो तिथे फुटेल.

---

तळमजला | दुपारी १:४५

१८० जीबी फार दिवस पुरणार नाहीत. मर्जपूर्व इतिहास, म्हणजे ब्लॉक १,५५,३७,३९३ पर्यंतचे ब्लॉक आणि पावत्या, गेथमधून काढता येतो. गेथ पूर्ण थांबवायचा, प्रून हिस्टरी चालवायचं, पुन्हा सुरू करायचा. ३०० ते ५०० जीबी मोकळे होतात. आजची शिल्लक, काँट्रॅक्टची स्थिती यांना धक्का लागत नाही. पण सप्टेंबर २०२२ च्या आधीचे इव्हेंट लॉग कोणाला प्रकल्पासाठी हवे असतील तर ते या नोडवर मिळणार नाहीत. गटाला आधी विचारा. आणि आजच नको, लाइटहाउस पुढे आलेलं बघून मग.

गेथ थांबवताना सिस्टिमडीचा थांबण्याचा अवधी वाढवून ३०० सेकंद करा. मूळचे ९० अपुरे पडले की सिस्टिमडी गेथला मारून टाकतो, आणि मग सुरू होताना तो काही ब्लॉक मागे जातो. लाईट गेल्यावर होतं तेच. यूपीएस असेल तर त्याच्या सिग्नलवर आधी लाइटहाउस, मग गेथ बंद होईल असं बघा.

---

शून्यपत्ता | संध्याकाळी ६:५०

आवृत्ती ८.०.०, पीअर ६१, सिंक डिस्टन्स ०. ब्लॉक चालू आहेत. स्क्रिप्ट ४०० च्या गठ्ठ्यांनी चालली. मनापासून आभार.

पुढच्या वेळी हे आधीच कसं पकडायचं? नव्या अपग्रेडची तारीख साखळीवरच कुठे मतदानाने ठरते का, म्हणजे नोडवरून ती वाचता येईल?

---

रात्रपाळी | रात्री ८:१०

इथेरियममध्ये साखळीवर मतदान नाही. कोअर डेव्हलपरांच्या उघड बैठकांत तारीख ठरते, आणि ती क्लायंटच्या रिलीजमध्येच लिहून येते. म्हणून गेथ आणि लाइटहाउस या दोन्ही रेपोच्या रिलीज सूचना आणि इथेरियम फाउंडेशनचा ब्लॉग, एवढं धरून ठेवा. लाइटहाउसला फोर्क शेड्यूल विचारलं की त्याला कोणते फोर्क ठाऊक आहेत ते कळतं. तुमच्या ७.१.० ने फुलूचा (फुसाकाचा लाइटहाउसकडचा भाग) एपॉक (३२ स्लॉटचा गट) ४,११,३९२ दाखवलाच नसता. अपडेटनंतर एवढं एक विचारलं की पुरे.

रंगीत तालीम हूडी या चाचणी साखळीवर करा. होलेस्की या दुसऱ्या चाचणी साखळीचं दुखणं लक्षात ठेवण्यासारखं आहे: फेब्रुवारी २०२५ मध्ये पेक्ट्रा या आधीच्या अपग्रेडच्या वेळी गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तिन्ही क्लायंटच्या होलेस्की सेटिंगमध्ये डिपॉझिट काँट्रॅक्टचा पत्ता चुकीचा होता. बहुसंख्य नोडनी सदोष ब्लॉक खरा मानला आणि साखळी दुभंगली. गटात दुसरा नोड उभा करणार असाल तर तो गेथचा करू नका. रेथ किंवा नेदरमाइंड घ्या आणि दोघांचे ब्लॉक हॅश ताडत राहा.

देखरेखीला मोठा डॅशबोर्ड लागत नाही. दर मिनिटाला शेवटच्या ब्लॉकचा टाइमस्टॅम्प आणि आताची वेळ यांतला फरक काढायचा. तो १२० सेकंदांवर गेला की संदेश.

आता लगेचच्या दोन तारखा: ९ डिसेंबर संध्याकाळी ७:५१ आणि ७ जानेवारी सकाळी ६:३१. या फक्त ब्लॉबची संख्या वाढवणाऱ्या छोट्या फोर्क आहेत. आजचं लक्ष्य ६ आणि कमाल ९, ते आधी १० आणि १५ होईल, मग १४ आणि २१. दोन्ही ८.०.० आणि १.१६.७ मध्ये आधीच आहेत, नवं काही टाकायचं नाही. ९ तारखेला आठच्या सुमारास सिंक डिस्टन्स आणि बँडविड्थ तेवढी बघून घ्या.