पानटपरी ते मंत्रालय समजलं, पण सरकारी ठेका असलेल्या कारागिराने आमदारकीला उभं राहायचं कसं?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. पानटपरीवरून मंत्रिपदापर्यंत पोचलेल्या पाळधीच्या गुलाबराव पाटलांचं नाव आपल्याकडे उठता-बसता घेतलं जातं. टपरीवाल्याला सरकारी ठेका नसतो, इथे मात्र तीच अडचण आहे. एरंडोल मतदारसंघातल्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्याला विधानसभेला अपक्ष उभं राहायचंय. सार्वजनिक बांधकाम विभागाचं एका इमारतीचं वायरिंग त्याच्याकडे चालू आहे, जिल्हा परिषदेच्या पाणीयोजनांचे पंप दुरुस्तीला येतात आणि बांधकाम विभागाच्याच एका जुन्या कामाचं बिल अडकलंय. यातलं नेमकं काय आडवं येईल?

कोर्टगल्ली
फक्त पहिलं. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 9-अ: राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारचं काम करण्याचा करार चालू असेल तर विधानसभेला अपात्र. यात उमेदवारी अर्जांच्या छाननीचा दिवस धरतात. त्याआधी काम पुरं करून पूर्णत्वाचा दाखला हातात घ्या. काम तुमच्या बाजूने पूर्ण झालं असेल आणि सरकारने पैसे थकवले असतील, तर करार चालू धरला जात नाही, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे अडकलेलं बिल अडचणीचं नाही. देखभाल-दुरुस्तीचा कालावधी बाकी असेल तर मात्र विरोधक तिथेच बोट ठेवतात. तो करारनामा वकिलाला आधी दाखवा.

पंपांचं उलटं आहे. जिल्हा परिषद म्हणजे राज्य सरकार नव्हे, म्हणून विधानसभेला ते काम चालतं. पण त्याच माणसाने जिल्हा परिषद लढवायची म्हटली की 1961 च्या जिल्हा परिषद कायद्याचं कलम 16 लागतं, ते जिल्हा परिषदेच्या ठेकेदाराला अपात्र ठरवतं. ग्रामपंचायतीलाही तसंच. शिवाय तिथे दोन अपत्यांची अट आहे, विधानसभेला नाही. खालची पायरी वरच्यापेक्षा अवघड केलीय, गंमतच आहे.

तापीकाठचा
टपरीची गोष्ट सांगणारे मधली वर्षं गाळतात. गुलाबराव 1999 आणि 2004 ला एरंडोलमधून निवडून आले. पुनर्रचनेत मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या, 2009 ला जळगाव ग्रामीणमध्ये गुलाबराव देवकरांकडून हरले. 2014 ला परत आले, 2016 ला सहकार राज्यमंत्री, 2019 च्या अखेरीस पाणीपुरवठ्याचे कॅबिनेट मंत्री. पहिली आमदारकी ते राज्यमंत्रिपद, मध्ये सतरा वर्षं, आणि मागे पक्षाच्या शाखा. अपक्ष रिवाइंडिंगवाल्याकडे बूथवर बसायला माणसं किती, हे आधी मोजा.

गिरणाकाठ
भाऊ, माणसं जमतील. अर्जात काय चुकतं ते सांगा.

कोर्टगल्ली
अपक्षाला 10 सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार) लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच. दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. एकाचा यादीभाग किंवा अनुक्रमांक चुकला तरी सगळा अर्ज धोक्यात. जळगाव ग्रामीण शेजारीच, त्यामुळे पाहुणेमंडळींच्या सह्या हमखास घुसतात. यादी समोर ठेवूनच सह्या घ्या. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, तेव्हा दुसरा संच वेगळ्या दहा जणांचा ठेवा.

अर्जासोबतच्या नमुना 26 च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा नको, 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. सरकारशी आणि सार्वजनिक कंपन्यांशी असलेल्या करारांची माहिती तिथे मागतात, बायकोच्या आणि भागीदारीतल्या फर्मच्या नावावरची सुद्धा. महावितरणचं काम असेल तर तेही लिहा.

आणि शपथ, म्हणजे राज्यघटनेशी निष्ठेची! अर्ज दिल्यावर, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यायची असते. छाननीच्या दिवशी घेतलेली चालत नाही. अनामत 10,000 (अनुसूचित जाती-जमातीला 5,000), रोख किंवा कोषागार चलनाने. चेक घेत नाहीत.

वखारवाला
अनामत परत हवी तर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. 2 लाख वैध मतं पडली तर 33,334.

दुकानदार माणूस खरा अडकतो तो हिशेबात. खर्चाची मर्यादा 40 लाख. अर्जाच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं, दुकानाच्या चालू खात्यातून थेट खर्च नको. एका माणसाला किंवा फर्मला सगळ्या प्रचारात मिळून 10,000 पेक्षा जास्त रोख देता येत नाही. मंडपवाला रोखीच मागतो, त्याला आधीच सांगून ठेवा. नोंदवहीचे तीन भाग: पांढरा रोजच्या खर्चाचा, गुलाबी रोखीचा, पिवळा बँकेचा. दुकानाची पिकअप प्रचारात फिरवली तर परवानगी लागते, आणि गाडी घरची असली तरी भाडं धरून लिहावं लागतं.

निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवू शकतात. हरलेले इथेच गाफील राहतात, निकाल लागला की वही कपाटात जाते.