शब्दचर्चा : ‘कॉमिकबरहुकूम’ चित्रपट आणि ‘कॉमिकला जागणारा’ चित्रपट

धागाकर्ती :

सुपरहिरोंच्या चित्रपटांवर मराठीत लिहायला बसलं की एका जागी हमखास अडायला होतं. चित्रपटाने मूळ कॉमिकशी कितपत इमान राखलं यावर चाहते हमरीतुमरीवर आलेले असतात, आणि आपण ते सगळं ‘मूळ कॉमिकशी प्रामाणिक आहे’ किंवा ‘प्रामाणिक नाही’ एवढ्यावर आटोपतो. ‘प्रामाणिक’ या शब्दाशी माझं वैर नाही. ‘संहितेशी प्रामाणिक राहून केलेला प्रयोग’ असं नाटकांच्या परीक्षणांत आपण कितीतरी वेळा वाचतो. पण चाहत्यांच्या तक्रारी दोन वेगळ्या जातीच्या असतात आणि हा शब्द दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

२००२ चा ‘स्पायडर-मॅन’ घ्या. सॅम रायमी दिग्दर्शक, टोबी मॅग्वायर नायक. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांच्या १९६२ सालच्या पहिल्या कथेत पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडर-मॅन, जाळं फेकायचं यंत्र स्वतःच्या डोक्याने बनवतो आणि मनगटाला बांधतो. चित्रपटात जाळं थेट त्याच्या मनगटातूनच निघतं. चित्रपट यायच्या आधीच चाहत्यांनी इंटरनेटवर याविरुद्ध मोहीम उघडली होती. शाळकरी पोराने घरच्या घरी असला चिकट द्रव बनवणं लोकांना पटणार नाही, ही बदलाची बाजू मांडणाऱ्यांची सबब. चाहत्यांचं म्हणणं, पीटर मुळात हुशार पोरगा आहे, कोळी चावायच्या आधीपासून. ते यंत्र काढून घेतलंत तर त्याच्या स्वतःच्या कर्तबगारीचं उरलं काय? शिवाय ऐन मोक्याच्या क्षणी नळीतला द्रव संपणं ही कॉमिकमधली हुकमी गंमत होती, तीही गेली.

आता त्याच चित्रपटातला दुसरा बदल बघा. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे वाक्य आज जो तो बेनकाकांच्या तोंडी ऐकतो. पहिल्या कथेत ते काकांच्या तोंडी नाहीच. शेवटच्या चौकटीत, पाठमोरा पीटर रस्त्याने दूर चालला आहे आणि वरच्या निवेदनात ते वाक्य येतं. चित्रपटात मात्र काका गाडीत बसून पुतण्याला ते सांगतात. काकांचा मृत्यूही कॉमिकमध्ये घरी होतो, चित्रपटात रस्त्यावर. या बदलांवरून कोणी रान उठवल्याचं मला आठवत नाही. उलट काकांच्या तोंडचं ते वाक्य लोकांनी डोक्यावर घेतलं.

म्हणजे तपशील दोन्हीकडे बदललेलाच आहे. एका बदलाने चाहते दुखावले, दुसऱ्याने सुखावले. हा फरक ‘प्रामाणिक’ने दाखवता येत नाही. म्हणून मी दोन शब्द वापरून बघते आहे. तपशिलाबद्दल ‘कॉमिकबरहुकूम’ : नियमाबरहुकूम, मापाबरहुकूम म्हणतो तसं, सांगितलं तसं, दिलं तसं. आणि पात्राच्या मूळ स्वभावाबद्दल ‘कॉमिकला जागणं’ : खाल्ल्या मिठाला जागणं, दिल्या शब्दाला जागणं, ब्रीदाला जागणं, त्यातलं ‘जागणं’. जाणकारांनी मत द्यावं.

प्रतिसाद :

‘बरहुकूम’ जरा कचेरीतला वाटतो. सरळ ‘हुबेहूब’ किंवा ‘तंतोतंत’ का नको?

धागाकर्ती :

‘हुबेहूब’ दिसण्याला फार छान लागतो. पोशाख हुबेहूब, चेहरा हुबेहूब, एखादं दृश्य हुबेहूब. कथानक हुबेहूब म्हटलं की कानाला खटकतं. नक्कल केल्याचा वास येतो. ‘तंतोतंत’ चालेल, पण तो नुसतं जुळणं सांगतो. ‘बरहुकूम’मध्ये कोणीतरी आधी आखून दिलेलं आहे आणि दुसरा ते पाळतो आहे, हे नातं येतं. चाहत्यांच्या मनात कॉमिकचा मान नेमका तसा असतो. कचेरीचा वास येतो हे मान्य, पण ‘ठरल्याबरहुकूम’ आपण घरातही म्हणतोच.

प्रतिसाद :

मी उपशीर्षकांचं काम करतो. आमच्याकडे नवी मुलं शब्दकोश उघडून ‘विश्वासू रूपांतर’ असं लिहून आणतात. विश्वासू माणूस असतो, चित्रपट कसा असेल? ‘एकनिष्ठ’ही नको, तो पतिव्रतेकडे आणि पक्षाकडे वळतो. ‘मूलनिष्ठ’ असा शब्द एका लेखात वाचला, पण त्याने अर्थ लागण्याऐवजी वाचक थांबतो.

‘जागणं’ मला आवडला. मात्र शंका आहे. जागायला आधी देणं लागतं. मीठ खाल्लं म्हणून मिठाला जागायचं, शब्द दिला म्हणून शब्दाला. दिग्दर्शकाने कॉमिकचं मीठ कुठे खाल्लं? त्याने चित्रपटाच्या हक्कांचे पैसे मोजले, विषय संपला.

धागाकर्ती :

हक्कांचे पैसे निर्माता मोजतो, पण प्रेक्षक येतो तो कुणाच्या नावावर? २००२ च्या त्या चित्रपटाने अमेरिकेत पहिल्याच शुक्रवार-शनिवार-रविवारी दहा कोटी डॉलरांचा आकडा ओलांडला. तोवर कुठल्याच चित्रपटाला तीन दिवसांत ते जमलं नव्हतं. ती गर्दी चाळीस वर्षं छापल्या गेलेल्या कॉमिकने जमवली होती. ज्याच्या पुण्याईवर पहिला खेळ भरला त्याचं काहीतरी देणं लागतंच. चाहते चिडतात ते याच हिशेबाने चिडतात, म्हणून ‘जागणं’ त्यांच्या भावनेला बरोबर बसतो.

प्रतिसाद :

दोन शब्दांची विभागणी कागदावर छान दिसते, पण ‘मॅन ऑफ स्टील’वर लावून बघा. २०१३, दिग्दर्शक झॅक स्नायडर. शेवटी खलनायक झॉड एका कुटुंबावर डोळ्यांतली आग सोडत असतो आणि सुपरमॅन त्याची मान मोडतो. केवढा गदारोळ झाला होता! सुपरमॅन मारत नाही, असं म्हणत अर्धे चाहते उठून उभे राहिले. सुपरमॅनच्या कथा लिहिणारे मार्क वेड यांनीही जाहीरपणे कडक टीका केली.

पण चित्रपटाच्या बाजूचे चाहतेही कॉमिकच काढून दाखवत होते. १९८८ मध्ये जॉन बर्नने लिहिलेल्या अंकात सुपरमॅन झॉडसकट तीन क्रिप्टनवासीयांना, म्हणजे आपल्याच मूळ ग्रहावरच्यांना, त्यांना घातक असलेल्या हिरव्या क्रिप्टोनाइट खनिजाने ठार करतो. तेव्हा तुमच्या भाषेत हा चित्रपट कॉमिकबरहुकूम ठरला की! मग आक्षेप कशाचा?

धागाकर्ती :

अगदी हेच उदाहरण मला हवं होतं.

त्या १९८८ च्या कथेत मारल्यानंतर काय होतं ते बघा. त्या तिघांना मारल्याचा सुपरमॅनच्या मनावर एवढा भार येतो की पुढच्या अंकांत तो खचत जातो आणि शेवटी आपण लोकांना धोका आहोत असं मानून पृथ्वी सोडून अवकाशात निघून जातो. मारणं ही त्या कथामालिकेतली गाठ आहे. पुढचे कितीतरी अंक ती सोडवण्यात जातात. चित्रपटात मान मोडल्यावर सुपरमॅन गुडघ्यावर येऊन आक्रोश करतो, त्याची प्रेयसी लोइस त्याला जवळ घेते, आणि थोड्याच वेळात तो एका लष्करी अधिकाऱ्याशी हसतखेळत बोलताना दिसतो. घटना कॉमिकमधून आली, तिचं ओझं नाही आलं.

म्हणून मी म्हणेन : ती घटना कॉमिकबरहुकूम, पण चित्रपट कॉमिकला जागला नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं. त्या आक्रोशातच सगळं ओझं आलं असं मानणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. निदान दोन्ही पक्षांना आता कळेल की ते कशावरून भांडताहेत. एक अंक काढून दाखवतो, दुसरा स्वभाव सांगतो, आणि दोघेही ‘प्रामाणिक’ हाच शब्द वापरतात. मग वाद मिटायचा कसा?

प्रतिसाद :

याच दिग्दर्शकाचा ‘वॉचमेन’ही घ्या. २००९. अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं १२ अंकांचं कॉमिक. कित्येक दृश्यं गिबन्सच्या चौकटी समोर ठेवून लावलेली, रक्ताचा डाग पडलेल्या हसऱ्या चेहऱ्याच्या बिल्ल्यापासून. शेवट मात्र बदलला. कॉमिकमध्ये न्यूयॉर्कवर एक राक्षसी, माखलीसारखा प्राणी येऊन पडतो. चित्रपटात शहरांमध्ये स्फोट होतात आणि खापर डॉक्टर मॅनहॅटन या अतिमानवी शक्तीच्या पात्रावर फुटतं. त्या प्राण्यावरून चाहत्यांनी वर्षानुवर्षं वाद घातला.

मला स्वतःला प्राणी गेल्याचं वाईट वाटलं नाही. मला मारामाऱ्या खुपल्या. कॉमिकमधले मुखवटेवाले थकलेले, पोट सुटलेले, आतून मोडलेले आहेत. तिथली हिंसा बघून अंगावर काटा येतो. चित्रपटाने तीच हिंसा संथ गतीत, देखणी करून दाखवली. नव्वद टक्के बरहुकूम असून हातातून निसटलेला चित्रपट म्हणजे हा.

धागाकर्ती :

सही. यात अजून एक शब्द सुचतो, ‘हिरमोड’. प्राणी न दिसल्याने झाला तो हिरमोड. अपेक्षा होती, पुरी झाली नाही. मारामाऱ्यांनी तुमचं जे झालं त्याला मी ‘रसभंग’ म्हणेन, कारण कथेचा रसच बदलला. चाहत्यांच्या प्रतिक्रियांबद्दल लिहिताना आपण ‘नाराजी’ हा एकच शब्द सगळीकडे चिकटवतो. वुल्व्हरिनचा पिवळा पोशाख २००० च्या ‘एक्स-मेन’मध्ये न दिसल्याने लोकांचा हिरमोड झाला आणि २०२४ मध्ये ह्यू जॅकमनने तो घातला तेव्हा चित्रपटगृहं दणाणली. कॉमिकमधला वुल्व्हरिन पाच फूट तीन इंचांचा, जॅकमन सहा फुटांहून उंच. ते लोक केव्हाच विसरले, कारण त्याचा तो धुमसणारा, एकटा स्वभाव जॅकमनने बरोबर पकडला होता.

प्रतिसाद :

माझा मुद्दा थोडा मुळावरच आहे. ‘मूळ’ म्हणजे कोणतं मूळ? ज्या मनगटातल्या जाळ्यावरून एवढा दंगा झाला तेच जाळं २००४ मध्ये खुद्द कॉमिकमधल्या पीटरच्या मनगटात आलं! कॉमिक चित्रपटाबरहुकूम झालं. पुढे काही वर्षांनी ते काढून पुन्हा यंत्र दिलं. २०१२ च्या चित्रपटात तर यंत्रच होतं. शिवाय २००० पासून निघालेल्या ‘अल्टिमेट’ मालिकेत सगळी कथा नव्याने सांगितलेली. चाहता कोणत्या प्रतीला मूळ मानतो हे आधी विचारायला हवं.

यासाठी आपल्याकडे ‘पाठभेद’ हा तयार शब्द आहे. पोथ्यांच्या अभ्यासातला आहे, पण इथे तो नेमका बसतो. एकाच कथेच्या अनेक प्रती, प्रत्येकीत थोडा फरक, आणि कोणती शुद्ध यावर विद्वानांचं भांडण.

धागाकर्ती :

‘पाठभेद’ उत्तम! हा मी उचलते.

आणि पोथीवरून आठवलं, कट्टर चाहत्यांची भूमिका आपल्याला परकी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावलं की यात जो आपली ओवी घुसवेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. ज्या ग्रंथावर जीव आहे त्यात कुणी आपल्या पदरचं घातलेलं सोसत नाही, ही जुनी आणि खरी माया आहे. फरक एवढाच की एकनाथांपुढे एका कर्त्याचा एक ग्रंथ होता. स्पायडर-मॅन लिहिणारे हात साठ वर्षांत किती बदलले असतील! तिथे शुद्ध प्रत शोधून सापडायची नाही. तिथे ‘जागणं’च धरावं लागतं.

प्रतिसाद :

पवित्र प्रभाकरचं काय करायचं? २००४ चं ‘स्पायडर-मॅन : इंडिया’, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांचं. गावाकडून मुंबईत आलेला धोतरातला मुलगा, त्याला शक्ती देतो एक योगी, आणि खलनायक गोब्लिनच्या जागी राक्षस. २०२३ च्या ‘अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये तोच पवित्र मुंबई आणि मॅनहॅटन एक करून बनवलेल्या मुंबॅटनमध्ये झोके घेतो. स्वभाव पार बदललेला. बिनधास्त, केसांवर खूश, चहाला ‘चाय टी’ म्हणणाऱ्याला जागच्या जागी दुरुस्त करणारा. हा चित्रपट मराठीतही आला होता. माझ्या ओळखीत त्याचं मूळ कॉमिक वाचलेलं जवळजवळ कोणी नव्हतं, तरी बाहेर पडताना सगळे ‘आपला वाटला’ म्हणत होते. हे कशाला जागणं म्हणायचं?

धागाकर्ती :

शहराला! तिथे प्रेक्षकाने कॉमिक लावून बघितलंच नाही, मुंबई लावून बघितली. एकावर एक चढलेली वस्ती, वाहनांचा गोंधळ, पाट्या, आणि त्यातून वाट काढणाऱ्या पोराची मिजास. २००४ च्या पवित्रला शहर बुजवतं. २०२३ च्या पवित्रचं शहर त्याच्या तळहातावर आहे. कॉमिक वाचलेल्या मोजक्यांचा हिरमोड झाला असेल तर तो मी समजू शकते, कारण तो गावाकडचा बुजरा पवित्र मलाही आवडायचा. पण कॉमिकबरहुकूम नसूनही हा पवित्र स्पायडर-मॅनला जागतो. संकटात तो लोकांना वाचवायला धावतो, आणि ते या पात्राचं पहिलं ब्रीद आहे.

प्रतिसाद :

मग ‘वर आधारित’ आणि ‘वर बेतलेला’ यांतलं कुठलं, तेही सांगून टाका. मी दोन्ही एकाच अर्थाने वापरतो.

धागाकर्ती :

बातमीत चालतं. परीक्षणात मी फरक करते. शिंपी कापड अंगावर बेततो तेव्हा कापड तेच राहतं, माप अंगाचं घेतो. ‘कॉमिकवर बेतलेला चित्रपट’ म्हटलं की दिग्दर्शकाने कापाकापी केली हे गृहीतच आहे आणि त्यात दोष नाही. ‘आधारित’मध्ये ते येत नाही, नुसता टेकू दिसतो. श्रेयनामावलीत ‘आधारित’ लिहा, परीक्षणात ‘बेतलेला’. आणि त्यापुढे एक वाक्य तपशिलाबद्दल, एक स्वभावाबद्दल. उपशीर्षकांचं काम करणाऱ्या सभासदांना विनंती : त्या नव्या मुलांना ‘विश्वासू रूपांतर’ खोडून ‘कॉमिकला जागणारा चित्रपट’ लिहून द्यायला सांगा आणि वाचणाऱ्याला अडतं का ते इथे कळवा.

प्रतिसाद :

उद्याच देतो. एक अडचण आत्ताच दिसते आहे : पडद्यावर एका ओळीत अक्षरं मोजकीच मावतात, ‘कॉमिकला जागला’ बसेल, ‘कॉमिकबरहुकूम’ लांब पडेल. तिथे ‘जसंच्या तसं’ वापरलं तर चालेल ना?

धागाकर्ती :

चालेल. बोलीत तेच जास्त बरं.