मोर्चा लाठीने कमी मोडतो, कागदाने जास्त (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

बिनतारी

लाठीमाराचे फोटो छापून येतात, सभागृह तहकूब होतं, चौकशी लागते. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठ्या चालल्या आणि काही दिवसांत गृहमंत्र्यांना जाहीर माफी मागावी लागली. कागदाचा फोटो कोणी काढत नाही, म्हणून खरी दडपशाही तिथे चालते.

पहिला कागद मनाई आदेशाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(३). शासनाच्या मंजुरीशिवाय हा आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. मग अनेक जिल्ह्यांत दर पंधरवड्याला नवा आदेश निघतो. आगामी सण, जयंत्या, परीक्षा, 'विविध संघटनांची आंदोलने'. मजकूर तोच, तारखा नव्या. अपवाद म्हणून दिलेला अधिकार असा बारमाही होतो.

दुसरा, परवानगी नाकारल्याचं पत्र. ते आदल्या संध्याकाळी हातात पडतं, कोर्ट उठल्यावर.

तिसरा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४९). 'अनुचित प्रकार घडल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल व सदर नोटीस पुरावा म्हणून न्यायालयात सादर करण्यात येईल.' मुळात १६८ पोलिसांना दखलपात्र गुन्हा (ज्यात वॉरंटशिवाय अटक करता येते असा) रोखायला सांगतं. एकाच्या कृत्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकायची सोय त्यात नाही.

मंत्र्यांचा दौरा असेल तर चौथं पाऊल कलम १७० (जुनं १५१). सकाळी घरून उचलायचं, ताफा गेला की संध्याकाळी सोडायचं. हे कलम वापरायला दखलपात्र गुन्ह्याचा बेत कळलेला हवा आणि अटकेशिवाय तो टळणार नाही असंही दिसायला हवं. काळा झेंडा दाखवणं हा कुठला दखलपात्र गुन्हा? केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अशाच प्रकरणातला खटला रद्द केला.

बंदोबस्त

एकच बाजू मांडलीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ख) मधला हक्क 'शांततेने व विनाशस्त्र' जमण्याचा आहे आणि १९(३) त्यावर वाजवी निर्बंध घालू देतं. दिल्लीतल्या शाहीनबागेतल्या नागरिकत्व कायद्याविरोधी धरण्याच्या प्रकरणी ७ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येत नाही.

अर्ज कसे येतात तेही लिहा. 'सुमारे ५०० कार्यकर्ते', मार्गाचा पत्ता नाही, स्वयंसेवकांची यादी नाही, गाड्या कुठे लावणार ते नाही. ठाण्यातून तो अर्ज वाहतूक शाखेकडे आणि विशेष शाखेकडे अभिप्रायाला जातो. अभिप्राय उशिरा आले की पत्रही उशिरा. यात कट शोधू नका.

आणि अटी घालून परवानगी दिली की काय होतं? ऑगस्ट २०२५, मुंबईचं आझाद मैदान, मराठा आरक्षणाचं आंदोलन. अट ५,००० माणसं, सकाळी ९ ते संध्याकाळी ६, एक दिवस. माणसं त्याच्या कितीतरी पट आली, सीएसएमटीसमोरचे रस्ते अडले, मुक्काम पाच दिवस पडला. १ सप्टेंबरला उच्च न्यायालयालाच रस्ते मोकळे करा म्हणावं लागलं.

बिनतारी

आझाद मैदानाचं उदाहरण मान्य, अट मोडली गेली. पण अट मोडली तर अट मोडणाऱ्यावर कारवाई करा. मागच्याने अट मोडली म्हणून पुढच्याला नकार, हे गणित कुठलं?

१९७२ चा हिंमतलाल शहा निकाल याच १९५१ च्या कायद्याखालच्या नियमावर आहे, तेव्हा तो 'मुंबई पोलीस अधिनियम' होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलं की रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येईल, पण निकष न सांगता नाकारण्याचा मोकळा अधिकार अधिकाऱ्याला देता येणार नाही. तो नियम रद्द झाला.

आपल्याकडचंच हवं असेल तर फेब्रुवारी २०२०, औरंगाबाद खंडपीठ. माजलगावात नागरिकत्व कायद्याविरोधी धरण्याला परवानगी नाकारली होती, आधार बीडच्या अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा ३७ चा आदेश. खंडपीठाने दोन्ही रद्द केले आणि एका कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून लोकांना देशद्रोही म्हणता येत नाही, असंही सुनावलं.

कलमकसाई

दोघांनीही मोर्चा संपल्यानंतरचा कागद सोडला. आदेश मोडल्याचा गुन्हा म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ (जुन्या भारतीय दंड संहितेचं १८८). शिक्षा सहा महिन्यांपर्यंत किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड. जीविताला धोका वगैरे असेल तर एक वर्षापर्यंत, ५,००० पर्यंत.

गंमत अशी की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ प्रमाणे (जुनं १९५) न्यायालय या गुन्ह्याची दखल संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरच घेऊ शकतं. प्रत्यक्षात ठाण्यात एफआयआर होतो, दोषारोपपत्र जातं आणि याच मुद्द्यावर प्रकरण कोसळू शकतं. पण त्यासाठी कोणीतरी वकील लावून मुद्दा उठवावा लागतो. तोवर तारखा, आणि पासपोर्ट काढायचा तर प्रलंबित खटल्यामुळे कोर्टाची परवानगी. विशीतल्या पोराला घरी बसवायला लाठीपेक्षा हे पुरतं.

'राजकीय गुन्हे मागे घेतले' या बातमीवरही विसंबू नका. शासन निर्णयाने खटला आपोआप संपत नाही. सरकारी वकिलाने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली (जुनं ३२१) अर्ज करायचा आणि न्यायालयाने संमती द्यायची. आमदार-खासदार आरोपी असतील तर ऑगस्ट २०२१ पासून उच्च न्यायालयाचीही परवानगी लागते.

उलटतपासणी

धाग्याचं शीर्षकच मला पटत नाही. २३ नोव्हेंबर १९९४, नागपूर: गोवारी मोर्चावर लाठीमार, चेंगराचेंगरी, ११४ मृत्यू. ११ जुलै १९९७, रमाबाई नगर: राज्य राखीव दलाचा गोळीबार, १० मृत्यू. ९ ऑगस्ट २०११, मावळ: द्रुतगती मार्गावर गोळीबार, तीन शेतकरी गेले. नोटिशीने कोणी मरत नाही. आधी कागद देऊन गर्दी कमी होत असेल तर मी कागदाच्या बाजूने.

बंदोबस्त

इथे मात्र मी बिनतारींच्या थोडा जवळ आहे. गोवारींचं कारण कागद कमी पडला हे नव्हतं. गर्दी पांगवताना पहिला प्रश्न 'कुठे पांगणार?' हा असतो. आधी ध्वनिक्षेपकावरून जमाव बेकायदा असल्याची घोषणा, लोकांच्या भाषेत, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशी. मग निघायला वेळ. मग अश्रुधूर, वारा बघून आणि बंद गल्लीत नाही. मग लाठी, तीही कमरेखाली. गोळी सगळ्यात शेवटी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मधला आदेश कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा ठाणे प्रभारीने द्यायचा, शिपायाने मनाने नाही. वाट बंद ठेवून पुढून लाठी चालवली की मागचे पुढच्यांच्या अंगावर येतात, माणसं चेंगरून मरतात. वर्तमानपत्रातला 'सौम्य लाठीमार' हा शब्द कुठल्याच नियमात नाही, जाता जाता.

बिनतारी

@उलटतपासणी, कागद आणि लाठी हे दोन वेगळे पर्याय नाहीत. दिल्लीच्या रामलीला मैदानावरचं रामदेव बाबांचं उपोषण बघा. ४ जून २०११ च्या रात्री उशिरा १४४ चा (जमावबंदीचा) आदेश काढला आणि मध्यरात्रीनंतर झोपलेल्या लोकांवर पोलीस गेले. फेब्रुवारी २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना फटकारलं. आयोजक न्यासालाही सोडलं नाही, भरपाईचा २५ टक्के वाटा त्याच्यावर टाकला. जखमी झोपेत झाले, कारण कागद रात्री निघाला.

म्हणून मागणी एवढीच: नकार लेखी, कारणासह आणि ७२ तास आधी. जमावबंदीचे आदेश प्रसिद्ध करावेच लागतात आणि तेच तेच आदेश पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात आलंच आहे.

बंदोबस्त

७२ तास चालतील, अर्ज सात दिवस आधी आणि पूर्ण आला तर. नकाशावर मार्ग, दर ५० माणसांमागे एक स्वयंसेवक, त्यांचे मोबाइल नंबर, रुग्णवाहिकेची वाट, संपण्याची वेळ. शेवटच्या दिवशी दंगलीची पक्की खबर आली तर मात्र ७२ तास मला बांधू शकत नाहीत.

बिनतारी

खबर आली तर ती आदेशात लिहा. नाव नको, स्रोत नको, पण 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता' यापलीकडे एक तरी ओळ असू द्या. ती ओळच नसेल तर खंडपीठासमोर सरकारी वकील काय वाचणार?

कलमकसाई

आणि आयोजकांनो, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर नुसता शिक्का घेऊन येऊ नका. आवक क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून घ्या. शिक्क्यावर वेळ नसते, आणि ७२ तास मोजायची पाळी आली की भांडण नेमकं वेळेवरच होतं.