हिऱ्याच्या संवेदकाने काढलेला चुंबकीय नकाशा पुसट का येतो?

प्रश्न :
तांब्याच्या बारीक पट्ट्यांमधून वाहणाऱ्या प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा मी हिऱ्याच्या चकतीने काढत आहे. चकतीच्या एका पृष्ठालगत नायट्रोजन-रिक्तता केंद्रांचा, म्हणजे जिथे नायट्रोजनच्या अणूशेजारी कार्बनची एक जागा रिकामी असते अशा जागांचा, पातळ थर आहे. त्यावर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर सोडून, मायक्रोवेव्हची वारंवारता २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपास सरकवत, केंद्रांचा लाल प्रकाश कुठे मंदावतो ते कॅमेऱ्याने टिपतो. सूक्ष्मदर्शकातून पट्ट्यांच्या कडा स्वच्छ दिसतात, परंतु एकमेकींपासून १० मायक्रोमीटरवर असलेल्या दोन पट्ट्या नकाशात एकजीव होतात. अधिक शक्तीचे भिंग लावूनही फरक पडला नाही. चूक कुठे असावी?

उत्तर १ :
माझ्या मते दोष भिंगाचा नसून अंतराचा आहे. पट्ट्यांपासून दूर जावे तसे त्यांचे क्षेत्र पसरते आणि एकमेकांत मिसळते. त्यामुळे केंद्रांचा थर नमुन्यापासून जितका दूर, साधारण तितकाच बारकावा हाती लागतो. चुंबकीय जिवाणूंमधल्या कणांचे क्षेत्र २०१३ मध्ये सुमारे ४०० नॅनोमीटर बारकाव्याने टिपता आले, ते जिवाणू थेट हिऱ्याच्या पृष्ठावर, थराला जवळजवळ चिकटून होते म्हणूनच. चकती उलटी तर बसलेली नाही ना, हे आधी पाहावे, कारण तसे असेल तर तिची सगळी जाडी मध्ये येते. मग लेसरच्या उजेडात चकतीखालचे काळे-हिरवे पट्टे पाहावेत. लगतच्या दोन काळ्या पट्ट्यांमध्ये चकती आणि नमुना यांमधली फट २६६ नॅनोमीटरने बदलते, म्हणजे पट्टे जितके दाट तितकी चकती तिरकी.

उत्तर २ :
अंतराचा मुद्दा पटतो. त्याबरोबर तापमानही सांभाळावे. प्रवाहाने पट्टी तापते आणि दर अंशाला २.८७ गिगाहर्ट्झची मूळ वारंवारता सुमारे ७४ किलोहर्ट्झने खाली येते. क्षेत्रामुळे लाल प्रकाश या वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना मंदावतो, म्हणजे आलेखात दोन दऱ्या पडतात. एकाच दरीवरून क्षेत्र काढत असाल, तर एवढ्याने २.६ मायक्रोटेस्लाचे खोटे क्षेत्र दिसते. दोन्ही दऱ्या मोजाव्यात : त्यांच्यातील फरक क्षेत्र सांगतो, सरासरी तापमान. शिवाय प्रवाह उलटा करून दुसरा नकाशा घ्यावा व पहिल्यातून वजा करावा. उष्णता दोन्हींत सारखीच असल्याने निघून जाते.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. चकती सुलटच होती, परंतु पट्टे एका कडेला विरळ आणि दुसरीकडे मोजता येणार नाहीत इतके दाट होते. उचलून पाहिले, तर कोपऱ्याखाली धुळीचा कण होता. नमुना आणि चकती धुऊन पुन्हा बसवल्यावर दोन्ही पट्ट्या वेगळ्या उमटल्या. आतापर्यंत मी एकच दरी मोजत होतो. प्रवाह उलटा करून घ्यायचा नकाशा आता दोन्ही दऱ्यांवर घेत आहे.