उपासाची साक्ष मंडळीसमोर द्यावी का?

जुनी वही
गेल्या महिन्यात मी 21 दिवस एकवेळ जेवून उपास-प्रार्थना केली. शेवटच्या रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगण्याची, वेळ आली तेव्हा उभी राहिले आणि सगळं सांगितलं. "सर्व गौरव प्रभूला" हे शब्द तीन-चारदा तरी तोंडी आले. खाली बसले तेव्हा मात्र कान एवढ्यासाठीच टवकारलेले, की किती जण 'आमेन' म्हणतात.

रात्री बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय वाचला. परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी) आणि जकातदार (लोक पापी समजत तो कर वसूल करणारा) यांचा प्रभू येशूने सांगितलेला दाखला लहानपणापासून पाठ आहे, पण परूशाची प्रार्थना "मी तुझे आभार मानतो" अशी सुरू होते हे आजवर टोचलं नव्हतं. श्रेय तोही देवालाच देत होता! मोशेच्या नियमशास्त्रात सर्वांसाठी ठरलेला उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. परूशी मात्र आठवड्यातून दोनदा करायचा. खोटं तो काहीच बोलला नाही. नजर फक्त दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे गेली: "मी याच्यासारखा नाही."

दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल मत्तय 6 मध्ये प्रभूने एकच सांगितलंय: गुप्तपणे करा. म्हणून माझं मत असं, की या तिन्हींची साक्ष देऊच नये.

उघडी खिडकी
ताई, मला हे पटत नाही. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, एकच अध्याय आधी, "तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या" असंही आहे. मार्क 5 मधला भूतग्रस्त बरा झाल्यावर प्रभूसोबत यायला निघाला होता. त्याला घरी पाठवलं ते आपल्या माणसांना सांगायलाच.

माझं स्वतःचं सांगतो. विश्वासात आलो त्या पहिल्या वर्षी प्रार्थनेला बसलो की शब्दच फुटत नसत. मला वाटायचं, देवाने मला टाकलंय. मग एका वयस्क बहिणीने साक्षीत सांगितलं, की त्यांचेही कित्येक महिने असेच गेले होते. त्या गप्प राहिल्या असत्या तर मी मंडळी सोडली असती.

जुनी वही
पण त्या बहिणीने आपला दुबळेपणा सांगितला. भूतग्रस्तानेही प्रभूने काय केलं तेच सांगितलं. मी मात्र माझे दिवस मोजून दाखवले.

मागचा बाक
गप्प राहणाऱ्यांच्या बाजूने मीच बोलायला हवं होतं, कारण सहा वर्षं मी साक्ष दिली नाही. पण त्या सहा वर्षांत मी काय केलं? उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला मनात तोललं. "प्रभू, मी या दिखाऊ लोकांसारखा नाही." जकातदारासारखा मागे उभा राहून प्रार्थना परूशाचीच करत होतो. कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल नम्रतेच्या नुसत्या देखाव्याबद्दल सावध करतो, ते वाचताना माझं मलाच कळलं. तोंड मिटलं म्हणून गर्व मरत नाही.

त्याचंच करिंथच्या मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र, अध्याय 12 पाहा. पौल 14 वर्षांपूर्वीचा अनुभव सांगतो आणि तोही "मला एक मनुष्य माहीत आहे" असा, जणू दुसऱ्या कुणाचा. पाठोपाठ शरीरातल्या काट्याचं, म्हणजे सतत छळणाऱ्या एका त्रासाचं, सांगतो. तो काढावा म्हणून तीनदा विनवलं, काटा गेला नाही; "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं. आपल्या साक्षींत न गेलेले काटे कधी ऐकू येतात का?

उघडी खिडकी
काट्याचं अगदी मान्य. पण नव्या विश्वासणाऱ्याला 14 वर्षं थांब म्हणायचं? पौलाने तोंड उघडलं ते करिंथची मंडळी फुशारक्या मारणाऱ्यांच्या मागे चालली होती म्हणून. मंडळीची गरज होती. गरज असताना नम्रतेच्या नावाखाली गप्प बसणं मला भित्रेपणा वाटतो.

जुनी वही
भाऊ, 'देऊच नये' हे मी मागे घेते. काट्याचं वाचून एक सांगावंसं वाटतंय. बाराव्या दिवशी भुकेने चिडून मी सासूबाईंना तोडून बोलले. साक्षीच्या वेळी त्या तिसऱ्या रांगेत होत्या आणि ते सोडून मी बाकी सगळं सांगितलं. आज सकाळी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी जवळ घेतलं. हे रविवारी सांगावं का, ठरत नाही. त्याचंही कौतुक होईल आणि ते मला आवडेल, ही भीती आहे.

मागचा बाक
आधी सासूबाईंना विचारा. ही गोष्ट त्यांचीही आहे.